मुलांकडून कापडी भित्तिपट करून घेताना मोठ्यांनी हात किती घालावा?

सुईदोरा

नमस्कार. आठ-नऊ वर्षांच्या २८ मुलांबरोबर एक कापडी भित्तिपट करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तो शाळेच्या जिन्याजवळच्या भिंतीवर कायमचा लागणार आहे. हाताशी ६ आठवडे आहेत आणि दर आठवड्याला सलग दीड तास मिळणार आहे. मी शिक्षिका नाही. शिवण आणि भरतकाम येते म्हणून मला मदतीला बोलावले आहे.

याआधी असेच एक काम मी केले होते. त्याबद्दल आधी सांगते, कारण माझा खरा प्रश्न तिथेच आहे. त्या वेळी मुलांचे टाके सैल पडले होते, तुकड्यांच्या कडा उसवत होत्या आणि एका घराचे छप्पर भिंतींना सोडून दोन बोटे वर गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होते. मी रात्री बसून निम्म्याहून अधिक टाके उसवले, पुन्हा घातले आणि छप्पर घरावर आणून बसवले. पट नीटस दिसला, सर्वांनी कौतुकही केले. ज्या मुलीचे ते घर होते ती मात्र पटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "ताई, माझं घर कुठं लावलंय?" मी बोट दाखवले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हे नाही." स्वतःचे काम तिला ओळखताच आले नव्हते.

या वेळी मला तसे होऊ द्यायचे नाही. पण पट भिंतीवर काही वर्षे टिकायलाही हवा, त्यामुळे सगळेच मुलांवर सोडून देता येणार नाही. कोणती कामे आपण करावीत आणि कोणत्या कामांना अजिबात हात लावू नये, हे ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. सुया, कापड, मांडणी यांविषयीच्या सूचनाही हव्या आहेत.

आडवा धागा

सुईदोरा, तुम्ही प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. मी इतक्या वर्षांत एकच नियम पाळत आलो आहे, तो असा की पटाची पुढची बाजू मुलांची आणि मागची बाजू, कडा व जोड आपले. पट टिकाऊ होतो तो अस्तर, जोडशिवण आणि वरचा नेफा (टांगायची काठी घालण्याची पट्टी) यांमुळे. पुढच्या बाजूचा टाका वेडावाकडा असला तरी मागची बांधणी पक्की असेल तर पट वर्षानुवर्षे लोंबत नाही की फाटत नाही.

२८ मुले असतील तर प्रत्येकाला एक चौकोन द्या आणि ७ चौकोनांच्या ४ ओळी करा. तयार चौकोन १५ सेंमीचा धरला तर पट १०५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच होईल. कापड मात्र १९ सेंमीचे कापा. चारही बाजूंना २ सेंमी दाब, म्हणजे शिवणीत जाणारे जास्तीचे कापड, सोडा आणि आतल्या १५ सेंमीची चौकट पुसता येणाऱ्या खडूने आखून द्या. मुलांना सांगायचे ते एवढेच, की हे अंगण तुमचे आणि बाहेरची वाट जोडण्यासाठी मोकळी ठेवायची. चौकोन जोडण्याच्या कामात एरवी एवढा दाब बहुधा सोडत नाहीत, पण लहान मुलांचे टाके चौकटीबाहेर जाणारच, आणि अर्ध्या सेंमीच्या दाबात ते शिवणीखाली कापले जातात.

खालचे कापड मांजरपाट घ्या. ते आधी कडक पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, कारण कोरे मांजरपाट पुढे आटते आणि आटले की वर शिवलेले तुकडे फुगून उभे राहतात. वर लावायचे तुकडे रंगीत असतील तर प्रत्येकावर ओले पांढरे फडके घासून पाहा. लाल आणि गडद निळा हे दोन रंग सर्वांत जास्त दगा देतात.

चौकोन जोडताना आधी आडव्या ओळी शिवा आणि मग ओळी एकमेकींना जोडा. एका ओळीचा दाब डावीकडे आणि तिच्या खालच्या ओळीचा उजवीकडे दाबून इस्त्री केली, तर चौकात चार जाडी एकावर एक येत नाहीत आणि मशीनची सुई मोडत नाही. तरीही एखादा जोड चुकेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. फ्रान्समधला बायो येथील ११व्या शतकातला प्रसिद्ध पट सुमारे ७० मीटर लांब आहे आणि तो लिननचे ९ तुकडे जोडून केला आहे. त्याच्या पहिल्याच जोडापाशी वरच्या किनारीच्या रेघा एकमेकींना नीट मिळत नाहीत. पुढचे जोड इतके सफाईदार आहेत की शोधावे लागतात. म्हणजे करणारे हात कामातच शिकत गेले, आणि पहिला जोड तसाच राहिला.

मुलांना त्या पटाची छायाचित्रे जरूर दाखवा. त्यातले काही घोडे निळे आहेत, आणि घोड्याचे पलीकडच्या बाजूचे पाय वेगळ्या रंगाच्या लोकरीने भरले आहेत, म्हणजे ते लांबचे आहेत हे लगेच कळते. असा घोडा एकदा पाहिला की "आकाश निळंच पाहिजे ना?" हा प्रश्न वर्गात पुन्हा येत नाही.

चिंधी

मी फक्त सुई-दोऱ्याबद्दल लिहिते, कारण मुले रडकुंडीला येतात ती तिथे.

पहिली गोष्ट म्हणजे दोऱ्याची लांबी. मुलाच्या बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत जेवढा भरेल त्याहून लांब दोरा देऊ नका. हात पूर्ण ताणूनही दोरा ओढून संपत नसेल तर मूल मधेच दोरा सोडून दुसऱ्यांदा पकडते, आणि नेमक्या त्या क्षणी खाली गुंता होतो. भरतकामाचा दोरा सहापदरी येतो. मांजरपाटावर तीन पदर पुरतात, जाड फेल्टवर सहाही चालतात. पदर वेगळे करताना एकेक करून वर ओढायचे आणि मग एकत्र करायचे. तीन पदर एकदम ओढले तर उरलेल्या पदरांची जटा होते.

सुई मोठ्या नेढ्याची हवी. तरटासारख्या विरळ विणीच्या कापडावर बोथट टोकाची चालते. फेल्टवर आणि मांजरपाटावर मात्र टोक हवेच, कारण बोथट सुई दाबून घुसवताना ती निसटून बोटात जाते आणि धारदार सुईपेक्षा जास्त लागते. दीड तासातली पंधरा मिनिटे सुई ओवण्यात जाऊ नयेत म्हणून मी आदल्या दिवशी तीस-पस्तीस सुया ओवून फेल्टच्या पट्टीवर ओळीने टोचून ठेवते आणि पट्टीवर आकडे घालते. वर्ग सुटताना पट्टीवर सुया पूर्ण भरल्या की मगच दार उघडायचे. एखादी कमी असेल तर जमिनीवरून लोहचुंबक फिरवायचे. हा नियम मुले स्वतःच फार काटेकोरपणे पाळतात.

सुई सतत दोऱ्यातून निघत असेल तर दोरा दुहेरी करून दोन्ही टोकांची एकत्र गाठ मारा. उसवायला तो त्रासदायक असतो, पण पहिल्या आठवड्यात मुलाला टाका कळणे महत्त्वाचे.

आता नेहमीची चूक. सुई खालून वर येते आणि मूल ती पुन्हा कापडात न टोचता काठावरून वळसा घालून खाली नेते आणि पुन्हा खालून वर काढते. तीन-चार टाक्यांत चौकोन पुरचुंडीसारखा आवळला जातो. "असं नाही, असं" म्हणून सुई हातातून घेतली तर मुलाला काहीच कळत नाही. मी त्याच्या शेजारी बसते, स्वतःचा वेगळा चौकोन हातात घेते आणि प्रत्येक टाक्याला मोठ्याने म्हणते, "वर आलेली सुई वरूनच खाली जाते." दहा-बारा टाके त्याने माझ्याबरोबर म्हणत म्हणत घातले की पुढे सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी आपला नमुना हातात असावा, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

आणि मांडीवर ठेवून शिवणाऱ्या मुलांच्या कापडाखाली एक पुठ्ठा जरूर सरकवा. माझ्याकडच्या एका मुलाने तासभर अतिशय मन लावून मासा शिवला आणि उठताना कळले की मासा त्याच्या विजारीलाही शिवला गेला आहे. ते सगळे टाके उसवावे लागले, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

कात्रण

मांडणीबद्दल माझे थोडे आग्रही मत आहे. मुलांना आधी कागदावर चित्र काढायला लावून मग "आता हेच कापडात करा" असे सांगणे टाळावे. पेन्सिलीने मूल पापण्या काढते, खिडकीचे गज काढते, पतंगाचा दोरा काढते. यातले काहीही १५ सेंमीच्या कापडी चौकोनात उतरत नाही, आणि मग मूल आपल्याच चित्रापुढे हरते. मोठ्यांचा हात मध्ये येतो तोही बहुधा इथेच, कारण चित्र आणि कापड यांतला फरक भरून काढायला मूल आपल्याकडे पाहते.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी फक्त कात्री आणि कागद द्या. रेघ न आखता थेट कापायचे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात आजारपणानंतर असेच काम केले. रंगवलेल्या कागदातून ते कात्रीने सरळ आकार कापत. १९४६ मध्ये त्यांनी पॅरिसमधल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर पांढऱ्या कागदाचे मासे, पक्षी, शैवाल टाचणीने लावत नेले आणि त्या मांडणीवरून पुढे लिननवर छापलेले दोन मोठे भित्तिपट तयार झाले. मुलांना हे सांगितले की कापलेला आकार "चुकला" असे ती म्हणत नाहीत, तो कुठे शोभेल हे शोधू लागतात.

दुसऱ्या दिवशी कागदाचे आकार कापडावर टाचून कापायचे. एका चौकोनात पाचापेक्षा जास्त तुकडे नकोत. तुकडे मांडून झाले की दोन पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहायला सांगा. गडद कापडावर गडद तुकडा असेल तर तो दिसेनासा होतो आणि मूल आपणहून फिकट तुकडा शोधायला जाते. आपल्याला काही सांगावे लागत नाही.

कापडाच्या धाग्याची दिशा मात्र आपण पाहावी. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापलेला तुकडा शिवताना ताणतो आणि लाटेसारखा होतो. फेल्टला हा त्रास नाही, त्याच्या कडाही सुटत नाहीत, म्हणून ज्यांचे हात अजून बसलेले नाहीत त्यांना फेल्ट द्यावे. डिंकाचा वापर तुकडा जागेवर राहील एवढ्या एका थेंबापुरता ठेवा. सबंध तुकडा चिकटवला की तिथे सुई शिरत नाही आणि मग मुले शिवणेच सोडून देतात.

सुईदोरा

सर्वांचे मनापासून आभार. "पुढची बाजू मुलांची" हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. एक अडचण आहे. दोन-तीन मुलांना सुई धरणे जमत नाही किंवा नको वाटते, आणि एका मुलीला फार कमी दिसते. त्यांना नुसती कात्रणे वेचायचे काम देणे मला पटत नाही. त्यांच्यासाठी विणकाम चालेल का?

माग

चालेल, आणि माझ्या मते पटात एक-दोन विणलेले चौकोन आल्याने पट अधिक भरीव होतो. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या व खालच्या काठावर १ सेंमी अंतराने खाचा पाडा आणि त्यांतून न ताणणारी सुती दोरी उभी गुंडाळा. उभ्या धाग्यांसाठी लोकर घेऊ नका. ती ताणत राहते, आणि काम पुठ्ठ्यावरून उतरवले की आक्रसते. पुठ्ठा वाकू लागला तर मागे दुसरा पुठ्ठा, आतल्या नळ्या पहिल्याच्या नळ्यांना आडव्या येतील असा, चिकटवा.

पुठ्ठ्यावर विणताना कामाला "कंबर" येते. सुरुवातीला चौकोन सरळ असतो, मग प्रत्येक ओळ थोडी ओढली जाते आणि मध्यापर्यंत पोहोचेस्तोवर दोन्ही कडा आत गेलेल्या असतात. मुलाला "सैल ठेव" म्हटले तर तो काठाशी लांब फासे सोडतो. त्याऐवजी आडवा धागा सरळ न टाकता कमानीसारखा टाकायला शिकवा: एका काठावरून वर चढत जायचे, दुसऱ्या काठाशी उतरायचे, आणि मग बोटांनी किंवा काट्याने मधूनच खाली ठोकत यायचे. कमानीत जास्तीचा जो धागा असतो तो उभ्या धाग्यांना वळसे घालण्यात जातो आणि कडा जागेवर राहतात. आपण सांगितल्यावर मुलाने स्वतः पहिली कमान ठोकली आणि ती सपाट झाली की त्याला युक्ती कळते. वरचे शेवटचे दोन सेंमी हाताला जागा नसल्याने विणता येत नाहीत, ते आधीच हिशेबात धरा. तयार विणकाम मांजरपाटाच्या चौकोनावर कडेने शिवून टाका, म्हणजे ते इतर चौकोनांबरोबर जोडता येईल.

ज्या मुलीला कमी दिसते तिच्यासाठी धागे रंगावरून वेगळे करू नका, स्पर्शावरून करा: गुळगुळीत फीत, खरखरीत सुतळी, मऊ लोकर, कापडाची फाडलेली पट्टी. आनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत गेल्या आणि पुढे अनेक वर्षे विणकामात राहिल्या. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, जे एखाद्या वस्त्रकलाकाराचे तिथले पहिलेच होते. त्यांचा आग्रह असा की वस्त्राची कला बोटांना कळली पाहिजे. माझ्या एका वर्गात न दिसणाऱ्या मुलाचा चौकोन सर्वांत हाताळला गेला, कारण त्याने गुळगुळीत आणि खरखरीत पट्ट्या आलटून पालटून अशा विणल्या होत्या की डोळे मिटूनही मोजता येत होत्या. असा चौकोन पटाच्या सर्वांत खालच्या ओळीत लावा. मुलांचे हात तिथे पोहोचायला हवेत.

ओवी

इथल्या सूचना उत्तम आहेत, परंतु एका मुद्द्यावर मला वेगळे वाटते. मुलांच्या पुढच्या बाजूला अजिबात हात लावायचा नाही, याचा अर्थ त्यांना काहीच सुधारायला लावायचे नाही असा होऊ नये. उसवणे हीसुद्धा शिवणकामातली एक क्रिया आहे, आणि ती मुलांना शिकवली नाही तर आपण त्यांना अर्धेच काम शिकवतो.

माझ्या गटात एका मुलाने पाऊस भरला होता. सगळे टाके तिरपे होते, आणि मला ते सरळ हवे होते. मी काही बोलण्याआधी त्यानेच सांगितले की वारा डावीकडून येतोय. पण त्याच चौकोनात छत्रीचा दांडा अर्ध्यातच सुटला होता, आणि त्याबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "दोरा संपला म्हणून थांबलो." दोन्ही गोष्टी दिसायला सारख्याच "चुका" होत्या. एक त्याला हवी होती, दुसरी नको होती. विचारल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून मी हल्ली विचारते, "हे असंच हवंय का?" उत्तर "हो" असेल तर पुढे जाते. "नाही" असेल तर उसवणी (टाके उसवायचे छोटे हत्यार) त्याच्या हातात देते, टाक्याखाली कशी सरकवायची ते माझ्या कापडावर दाखवते आणि तो उसवतो. तुम्ही त्या मुलीच्या छपराबद्दल लिहिले आहे, सुईदोरा. ते दोन बोटे वर का होते, हे तिला विचारायला हवे होते असे मला वाटते.

डावखुऱ्या मुलांच्या शेजारी न बसता समोर बसा. आपण उजव्या हाताने करतो ते त्यांना आरशात पाहिल्यासारखे दिसते आणि ती सहज उचलतात. त्यांच्यासाठी डाव्या हाताची कात्री मागवून घ्या. साध्या कात्रीत कापड त्यांच्याकडून कापले जात नाही, दुमडते, आणि दोष त्यांच्या हाताला लागतो.

आडवा धागा

ओवी यांचे म्हणणे मला मान्य आहे. आता टांगण्याबद्दल थोडे.

नेफा करताना तो काठीला घट्ट बसेल असा शिवू नका. नेफ्याच्या पुढच्या थरापेक्षा मागचा थर सेंमीभर सैल ठेवला, तर काठीची जाडी मागे जाते आणि पुढे पटावर आडवा फुगवटा दिसत नाही. खालच्या काठातही एक बारीक काठी घाला, म्हणजे पट तळाशी वळत नाही. जिन्याच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर भिंत बदलून घ्या. रंगीत कापड आणि लोकर उन्हात लवकर फिकी पडतात. कापड पेट घेते, त्यामुळे उष्णतेच्या साधनांपासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून ते लांब असावे; ही बाब शाळेतल्या सुरक्षेचे पाहणाऱ्यांना आधीच विचारा.

अस्तर मी पूर्ण शिवत नाही. वरची कड शिवतो आणि बाकी तीन बाजूंना गुंड्या लावतो. आठ-दहा वर्षांनी एखादा टाका सुटला तर दुरुस्तीला सोपे जाते हे एक कारण. दुसरे असे की मुलांना मागची बाजू दाखवायला फार आवडते. गाठी, लोंबणारे दोरे, एका रंगातून दुसऱ्या रंगात मारलेल्या उड्या, सगळे तिथे असते, आणि कोणता दोरा आपला हे त्यांना बरोबर माहीत असते.

सुईदोरा

सहा आठवड्यांनंतर लिहिते आहे. पट लागला आहे.

२५ चौकोन शिवलेले आहेत आणि ३ विणलेले. विणलेले तिन्ही खालच्या ओळीत आहेत. मी एकही टाका उसवला नाही; मुलांनी मात्र पुष्कळ उसवले. ओवीताई, "हे असंच हवंय का?" हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यापासून मुलेच एकमेकांना विचारू लागली. छपराचेही तुम्ही लिहिलेत ते खरे असावे. ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे, तिला जिन्यात गाठून विचारले. ती म्हणाली, "पोटमाळ्याला खिडकी होती, ती मावत नव्हती."

जोडशिवण माझी होती आणि ती मी घरी मशीनवर केली. पाचव्या आठवड्यात पट वर्गात पसरला तेव्हा मुले भोवती गुडघ्यांवर बसली आणि प्रत्येकाने आधी आपला चौकोन शोधला. कोणालाही मला विचारावे लागले नाही. मग पावसाळी ढग शिवलेल्या मुलाने दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या जोडावर बोट ठेवले. तिथे माझी शिवण सरकून एका मुलीच्या पक्ष्याची चोच दाबाखाली गेली होती. तो म्हणाला, "ताई, हे असंच हवंय का?"

मी नाही म्हटले. त्याने पेटीतून उसवणी आणली. मशीनची टीप बारीक असते, तिला हाताच्या टाक्याहून वेळ लागतो. त्या एका चौकोनाची १५ सेंमी शिवण उसवायला त्याला उरलेला सबंध तास लागला. चोच असलेली मुलगी कापड ताणून धरून समोर बसली होती आणि तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे एकेक करून तळहातावर गोळा करत होती. मी ती शिवण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. चोच आता पूर्ण दिसते.